इनाबाईने हात खाली घेतले नाहीत

इनाबाईला ऐकू येत नव्हतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच हळहळ नको. हळहळणारी माणसं तिला अजिबात खपत नसत. कुणी मान वाकडी करून 'अगं बाई, बिचारी' असा चेहरा केला, की ती हुबेहूब तोच चेहरा करून त्या माणसाकडे बघत राहायची. शेवटी तोच खाली बघायचा.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचा सगळा जन्म यंत्रमागावर गेला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्याने बघून घ्यावं. शब्दांना मात्र हात लावू नये, ते माझे आहेत.

ते दोघं आले ऐन एप्रिलात. पोर्तुगाल म्हणून एक देश आहे, समुद्राकाठचा, तिथले. नवऱ्याचं नाव रुई. सुताच्या गावाला रुई नावाचा जावई आला म्हणून गल्लीत दोन दिवस नुसता हशा. त्याला ऐकू यायचं आणि तो मोडकंतोडकं मराठी शिकून आला होता. तिचं नाव इनेस. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून इनाबाई. लग्न होऊन महिना झाला नव्हता. नवी जोडपी थंड हवेला जातात. ही सोलापूरला आली. पलीकडच्या गल्लीत एका ट्रस्टचा हॉल होता, तिथे ऐकू न येणाऱ्या पोरांचा उन्हाळी वर्ग भरायचा. तो घ्यायला, तेही बिनपगारी.

ट्रस्टच्या माणसाने खोलीसाठी अख्खी गल्ली पालथी घातली. कुणी म्हणालं, गोरी माणसं काय शिजवतील सांगता येत न्हाय. कुणी म्हणालं, गळ्यात मंगळसूत्र न्हाय, नवरा-बायको कशावरनं? एकाने तर कमाल केली. म्हणाला, "बहिऱ्या बाईनं गॅस चालू ठिवला तर तिला कळायचं कसं?"

मी म्हणालो, "गॅसचा वास नाकाला येतो की रे, कानाला न्हाय. माडीवरची खोली मी देतो."

खरं सांगू का, सगळे नाही म्हणाले म्हणूनच मी हो म्हणालो. माझा स्वभाव तसा आहे आणि या वयात तो काही बदलायचा नाही.

माझ्या घरात मुलगा संजय, सून सुरेखा आणि नात सई. सई तेव्हा सात वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाला मशीन होतं. त्याने आवाज झाला एवढं कळायचं, शब्द कळायचे नाहीत. संजय चादरींच्या दुकानात विक्रीला. त्याने मनाशी पक्कं केलं होतं की पोरगी तोंडानेच बोलणार आणि जूनमध्ये साध्या शाळेतच जाणार. तिने काही सांगायला हात उचलला की हा ओरडायचा, "हात खाली!" त्याचं म्हणणं, हाताची सवय लागली की तोंड कायमचं मिटतं. पोरीवर जीव होता म्हणूनच तो असा कडक होता, हेही लिहून ठेवतो. तो दुकानात गेला की आम्ही आजा-नात आमच्या पद्धतीने हातानेच बोलायचो.

आणि अशा घराच्या माडीवर येऊन राहिली ही बाई. रुई सांगायचा, ही झोपेतसुद्धा हाताने बोलते.

बहिरी म्हणजे शांत असेल, असं ज्यांना वाटलं होतं त्यांची पहिल्याच सकाळी खोड मोडली. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त आवाज इनाबाईचा. नवऱ्याला हाक मारायची म्हणजे ती माडीच्या फळ्यांवर पाय आपटायची. तो हादरा रुईच्या पायाला लागायचा आणि खाली माझ्या चहात माती पडायची. हसायची तर अशी, की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. दारं धाडकन लावायची. भांडी आदळायची. सुरेखाने एकदा कानावर हात ठेवून दाखवलं, तर ती खांदे उडवून हातानेच म्हणाली, मला कुठे त्रास होतोय?

तिच्याशी बोलताना दुसरीकडे बघितलेलं चालायचं नाही. मला बोलता बोलता रस्त्यावर नजर टाकायची सवय. तिने एक बोट माझ्या हनुवटीला लावलं आणि तोंड स्वतःकडे वळवलं. माझी हनुवटी आईनंतर कुणी धरली नव्हती. कारखान्याच्या मालकाची हिंमत नव्हती. मी डोळे वटारले, तिनेही वटारले. मग मी तिच्याकडे बघून बोलायला लागलो. आता सगळ्यांशीच तसं बोलतो.

नवरा-बायकोचं भांडण तर बघण्यासारखं. चार हात हवेत आणि आवाज काही नाही. भांडण हरायला आलं, की इनाबाई डोळे गच्च मिटून घ्यायची. संपलं! आता रुईने काय सांगायचं आणि कुणाला? बोलणं संपवायची तिची हीच रीत होती. तो बिचारा समोर बसून राहायचा. थोड्या वेळाने पिकलेला आंबा हळूच तिच्या नाकाखाली धरायचा. तिचा आधी एक डोळा उघडायचा.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की गल्लीत एकच ओरडा, "पाणी आलं, पाणी आलं!" हिला ते कळणार कसं? पहिल्या वेळी तिची घागर कोरडी राहिली. दुसऱ्या वेळी शेजारच्या बायका स्वतःहून जिन्यात गेल्या आणि फळ्यांवर पाय आपटले. ती घागर घेऊन धावत आली, रांगेत घुसली आणि पुढच्या बाईने मागे ढकललं तेव्हा तिनेही ढकललं. त्या दिवसापासून ती गल्लीतली झाली. बायका तिला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी द्यायच्या. ती त्यांच्या शेजारी बसून भाकरी थापायची. तिची भाकरी काही गोल झाली नाही आणि तिने दुसऱ्याला ती गोल करूही दिली नाही.

एक दिवस मी दोघांना माझ्या जुन्या कारखान्यात घेऊन गेलो. सईला सुट्टीच होती, तीही आली. ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना बघितला नाही त्यांना सांगतो, आत तोंडाने बोलून काही उपयोग नसतो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, एका वेळी कितीतरी माग चालू. कानात बोललेलं कळत नाही. म्हणून आम्ही कामगार हाताने बोलतो. धागा तुटला, चहा आला, मालक आला, तुझ्या घरून डबा आला, अमक्याची बायको रुसून गेली. सगळं हाताने आणि ओठाने. माझे अर्धे कान त्याच कारखान्याने नेले, पण गप्पा कधी थांबल्या नाहीत.

इनाबाई दारातच उभी राहिली. आत सगळे बाप्ये माग सांभाळत लांबून लांबून एकमेकांशी हाताने बोलत होते, थट्टा करत होते, हसत होते. तिने रुईचा दंड पकडला. रुईने दोन्ही कानांत बोटं घातली होती, तोंड कसनुसं केलं होतं. त्या जागी अडाणी तोच होता. ती पुढे गेली, चालू मागाच्या लाकडावर तळहात ठेवला आणि डोळे न मिटता बराच वेळ तशीच थांबली. मग एका कामगाराने लांबून तिला खुणेने विचारलं, 'चहा?' तिने खुणेनेच सांगितलं, 'साखर जास्त.' अख्खा कारखाना हसला.

सई मात्र हसत नव्हती. ती एकेका माणसाचे हात बघत होती. मोठे बाप्ये, मिशावाले, आणि कुणीच कुणाला 'हात खाली' म्हणत नव्हतं.

घरी आल्यावर तिने ते सगळं जेवताना बापाला दाखवायला सुरुवात केली. संजयने ताट बाजूला सारलं.

"आबा, तुमी तिला मुकी करून ठिवणार हाय का?"

"मी न्हाय बोललो का जन्मभर हातानं? मी मुका हाय व्हय?"

"तुमचं वायलं. तुमाला तोंड हाय."

"तिलाबी हाय. तोंड हाय म्हणून हात तोडून टाकायचे का?"

तो उठून गेला. हे आमचं रोजचंच होतं. पण जून जवळ येत होता आणि सईला त्या साध्या शाळेत घातलं, की तिथे सगळा दिवस हात बाकाखाली, हे मला दिसत होतं.

आता वर्गाचं सांगतो. संजय दुकानात गेला की सईही तिथे जायची, त्याला न सांगता. इनाबाईने आपल्याकडच्या खुणा मोबाईलवर बघून आधीच घोकून आणल्या होत्या, तरी पहिले काही दिवस तिने काही शिकवलं नाही. पोरांचेच हात बघत बसली. मग पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांची बारशी. ऐकू न येणाऱ्या लोकांत नाव खुणेचं असतं आणि ते स्वतः ठेवायचं नसतं, बाकीच्यांनी ठेवायचं. माणसाकडे बघितल्यावर जे आधी दिसेल ते नाव. पोरांनी तिचं नाव ठेवलं, पुढचे दोन मोठे दात, सशासारखे. ती नाव सांगताना दोन बोटं ओठांवर अशा थाटात धरायची, की दागिनाच दाखवते आहे. माझं नाव मिशीवर पडेल अशी माझी खात्री होती. माझी मिशी वर वळलेली, पीळ दिलेली. पोरांनी ठेवलं काय, तर तळहातावर तंबाखू मळणं. मी बदलून मागितलं. इनाबाई म्हणाली, मिळत नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष एक दिवस फोटोवाला घेऊन वर्ग बघायला आले. इनाबाईने पोरांना विचारलं, हे कोण? पोरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि एका दमात खूण केली. डाव्या हातात आरसा धरायचा आणि उजव्या हाताने केसांना ब्रशाने कलप लावायचा. सईने तर मान तिरकी करून कानामागची जागासुद्धा रंगवून दाखवली.

अध्यक्षांनी सुरेखाला विचारलं, "पोरं काय म्हणतायत?"

सुरेखा सईला सोडायला जायची आणि मागे बसायची. ती म्हणाली, "तुमचं नाव घेतायत, साहेब."

ते नाव काय आहे हे फोटोवाल्याच्या हसण्यावरून त्यांना कळलं. त्यांनी रुईला बजावलं, नाव बदलायला सांगा, दुसरं काहीतरी मानाचं ठेवा. रुईने हाताने तिला सांगितलं. ती अध्यक्षांसमोर गेली, दोन बोटं स्वतःच्या दातांवर ठेवली, ठोकून दाखवली. मग पोरांकडे बोट केलं. रुई घाम पुसत म्हणाला, "ती म्हणते, मला माझे दात दिलेत, मी घेतलेत. नाव मुलांनी दिलंय, ते माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप. सांगितलं, दुरुस्ती आहे. आमच्या बाजूचे चार लोक तिला समजवायला आले, की एक फूल घेऊन जा, माफी माग, कुलूप निघेल. तिने डोळे मिटून घेतले.

माझ्या घरामागे पत्र्याची खोली आहे. एके काळी तिथे माझे स्वतःचे दोन माग होते. मी ती झाडून दिली. मे महिना, वर पत्रा, भट्टीच ती. रुईने पत्र्यावर पोती टाकून त्यांवर पाणी मारलं, खाली पोरं बसली. एकही पोर गळलं नाही. उलट गल्लीतून तक्रार आली, की पोरांच्या पाय आपटण्याने दुपारची झोप मोडते. बहिऱ्यांच्या शाळेची आवाजाची तक्रार! मी सांगितलं, कानात कापूस घाला, रुई आपल्याकडेच राहायला आहे.

पण वर्ग आमच्याच घरात आल्यावर संजयपासून लपणार कसा? एका दुपारी तो दुकानातून लवकर आला. खोलीच्या दारात उभा राहिला. सई मधोमध उभी राहून हाताने काहीतरी सांगत होती आणि सगळी पोरं तिच्याकडे बघत होती.

"हात खाली!" तो ओरडला.

ऐकू कुणालाच आलं नाही. त्याने पुढे होऊन तिचे हात धरले, तेव्हा कळलं. इनाबाई उठली. मला वाटलं, आता ही याची हनुवटी धरणार. तिने तसं काही केलं नाही. सईचे हात त्याच्या हातातून सोडवले आणि त्याला खुणेने सांगितलं, तिला काहीतरी विचार. तोंडानेच विचार.

संजय वाकून म्हणाला, "सई, आज डब्याला काय खाल्लंस?"

सईने मान हलवली.

"बगा, कळतंय तिला," संजय म्हणाला.

इनाबाईने सईला हाताने विचारलं, बाबा काय म्हणाले? सईने खांदे उडवले. मग ती बोलायला लागली. किती भराभर हात चालत होते! मला थोडं कळलं, थोडं निसटलं. संजयला काहीच कळत नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. आणि मागच्या भिंतीशी बसलेली सुरेखा उठून उभी राहिली. नवऱ्याला न सांगता ती रोज त्या वर्गात शिकत होती, हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

सुरेखा म्हणाली, "ती म्हणतेय, बाबांच्या तोंडावर मिशा हायत. वठ दिसत न्हायत. आईचे दिसतात, आबांचे दिसतात. बाबा बोलले की मला काय कळत न्हाय, मी नुसती मान हलवते. मान हलवली की बाबा खुश हुतात."

संजयची मिशी पत्र्याच्या पन्हाळीसारखी वरच्या ओठावरून खाली उतरलेली होती. गल्लीत नाव होतं त्या मिशीचं. त्याचा एक हात मिशीवर गेला. मग तो तसाच निघून गेला. इनाबाईने त्याच्यामागे कुणाला जाऊ दिलं नाही. हातानेच म्हणाली, राहू दे त्याला.

दोन दिवसांनी सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"आबा, एक विचारू का? तुमी हायसा तवर मिशी काढायची न्हाय, हे म्हायत हाय मला. पन..."

आमच्याकडे बाप गेल्यावरच मुलगा मिशी काढतो. बाप जिवंत असताना काढली, तर बापाचं मरण मागितल्यासारखं.

"कातरून बघ की थोडी," मी म्हणालो.

"बघितली. सई डोळं बारीक करून बघती. अर्धवट कशाला, आबा?"

माझंच पोर ते. मी म्हणालो, "काढ. मी मेलो न्हाय, हे मी बघतो लोकास्नी दाखवायचं."

न्हाव्याने दोनदा विचारून मग वस्तरा लावला. आणि संजय तसा उघड्या ओठाने गल्लीतून चालत आला, त्याची बातमी त्याच्याआधी घरी पोचली. दुपारपर्यंत लोक यायला लागले. बायका डोळ्यांना पदर लावून, बाप्ये टोपी काढून. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. रुईने इनाबाईला सगळा प्रकार समजावून सांगितला. ती खाली आली, माझ्या शेजारी बसली आणि जो कोणी रडवा चेहरा घेऊन यायचा त्याला माझा हात मनगटाला धरून वर उचलून दाखवायची. बघा, हलतोय! वर तिचं ते कबुतरं उडवणारं हसू. एक म्हातारी मला म्हणाली, "व्हय रं, अशुभ वागतासा तुमी." मी म्हणालो, "मावशे, बस, चहा घे. माझ्या तेराव्याचा समज." ती बसली आणि चहा घेतला.

आत संजय सईसमोर बसला होता. तो सावकाश म्हणत होता, "पाणी. चादर. बाबा." सई त्याचा ओठ बघत होती, नवीन काहीतरी सापडल्यासारखा. आणि प्रत्येक शब्दाला ती हाताने खूण करून दाखवत होती, आणि तो ती खूण शिकत होता. जूनमध्ये सई साध्या शाळेत गेली नाही. हात चालतात अशा शाळेत गेली. आज ती तोंडानेही थोडं बोलते, हाताने तर आम्हा सगळ्यांना गप्प करते. कुणाला यात आमची हार दिसत असेल, तर त्याने खुशाल तसं समजावं.

उन्हाळी वर्ग संपला. इनाबाई आणि रुईची परतीची गाडी सकाळची होती. आम्ही सगळे सोलापूर स्टेशनवर गेलो. एसीचा डबा, काच पक्की बंद. फलाटावर माणसं काचेवर तोंड लावून ओरडत होती, "पोचल्यावर फोन कर!" "डबा वर ठेवलाय!" आतल्यांना एक अक्षर कळत नव्हतं; ते कानाला हात लावून विचारत होते, काय, काय? एवढ्या गर्दीत आम्हीच तेवढे निवांत बोलत होतो. इनाबाई काचेपलीकडून सुरेखाला सांगत होती, की तुझ्या भाकऱ्या रस्त्यातच संपतील. सुरेखा सांगत होती, तुझी गोल नसलेली भाकरीपण त्यात घातली आहे.

संजय मागे उभा होता, खिशात हात घालून. मग पुढे आला. खुणा त्याला अजून चारच येत होत्या. तो सईसमोर वाकला आणि सावकाश म्हणाला, "त्यांना सांग, मिशी परत ठेवणार न्हाय."

सईने त्याच्या ओठाकडे बघितलं. एकदाच. आणि काचेकडे वळून हाताने सांगितलं.

आत इनाबाई हसली. आवाज आम्हाला आला नाही, पण डब्यातली सगळी माणसं एकदम वळून तिच्याकडे बघायला लागली, त्यावरून अंदाज आला.

गाडी हलली. तिने तळहातावर अंगठा फिरवला, तंबाखू मळल्यासारखा. माझं नाव. मी म्हातारा माणूस, डोक्याला फेटा, आजूबाजूला अर्धं सोलापूर ओळखीचं. मी दोन बोटं ओठांवर धरली आणि सशाचे दात करून दाखवले. लोक बघत होते. बघू देत. मी गाडीबरोबर चालत राहिलो, बोटं तशीच.

बोलणं संपवायचं असलं की ती डोळे मिटायची. ती खिडकी फलाटाच्या टोकाला जाऊन दिसेनाशी झाली, तोवर तिने डोळे मिटले नव्हते.